भिजत घातलेले चणे

आचरा, मंगळवार, संध्याकाळ

शेजारची रोझी टीव्हीवर संसद बघायला आली होती. तिचा नवरा रॉबर्ट खलाशी आहे. त्याचं जहाज परक्या देशाने अडकवून ठेवलंय. खलाशांच्या सुटकेबद्दलच्या प्रश्नाला उत्तर देताना परराष्ट्रमंत्री म्हणाले, "आम्ही सतत संपर्कात आहोत."

"म्हणजे येतलो मां, मास्तरांनू?"

मी होकारार्थी मान हलवली. का हलवली? मंत्री हो म्हणाले, की नाही?

रॉबर्ट सुटला की क्रुसापुढे लादिनाची प्रार्थना म्हणायची आणि वाडीत उकडलेले चणे वाटायचे, असा तिचा नवस आहे.

"मगे आजच चणे भिजत घालतंय!"

तिला थांबवायला हवं. पण सांगू काय? तो येणार नाही, असंही मंत्री म्हणाले नाहीत.

तिच्या उंबऱ्यापर्यंत गेलो. आत पातेल्यात चणे ओतल्याचा आवाज आला. परत आलो.