पाच पायांचं हरीण

३ मार्च
माझ्या हातचं आजवर: टेबलक्लॉथ चार, खिडकीचे पडदे दोन, उशांचे अभ्रे अकरा. जाळीसकट! तयार जाळी आणून तिच्यावर भरणारे वेगळे. मी लिननचा धागा घेतो, बांबूची पट्टी स्वतः तासतो, तिच्यावर एकेक गाठ मारत चौकोनी घरं विणतो, मग ती सुईने भरतो. शिकवलं कुणी नाही. आई भरायची, मी बघायचो — बस्स.

५ मार्च
आईचा हरणांचा पडदा ताईने माझ्या हवाली केला. जुन्या कापडांचा एक व्यापारी घेतोय. "नीट करून दे, अर्धे तुझे. माझं छप्पर गळतंय, तेव्हा उगाच गळा काढू नकोस!"
गाठी सुटल्यात तीन ठिकाणी. बाकी आईचा हात — काय सांगावं!

८ मार्च
गाठी झाल्या. कुठे सांधलंय ते मलाच शोधावं लागतं.
व्यापारी येऊन गेला. भिंग लावून पाहिलं, मग खो खो हसला. "अहो, या हरणाला पाच पाय!" गिऱ्हाईकाला चालणार नाही म्हणे. जास्तीचा उसवून द्या.

९ मार्च
तो पाय बाबांचा!
नमुन्याचा कागद बाबांच्या हातात, जाळीची चौकट आईच्या मांडीवर. बाबा एकेक उभी ओळ वाचायचे, बातम्या दिल्यासारखी — "दोन भर, एक सोड, पाच भर..." मध्येच दार वाजलं. दूधवाला. बाबा परत आले ते झालेल्याच ओळी पुन्हा वाचत सुटले. आईने मुकाट्याने भरल्या.
"तुम्ही वाचलंत, मी भरलं," आई शेवटी म्हणाली.
बाबांनी पडदा उजेडात धरला. "बरंय की. जोरात पळेल."
आई एवढी हसली की सुई कुठे पडली ते संध्याकाळपर्यंत शोधत होतो.

११ मार्च
कात्री घेऊन बसलो. पाय काढला तरी पोट चार घरं लांबच राहणार — भिंगवाल्याला एवढंही दिसू नये! दोन टाके कापले. धागा बाहेर आला तो वळणं धरूनच, सरळ होईना. बोटाला गुंडाळून बसून राहिलो.
मग नवा धागा ओवला. दोन्ही टाके परत भरले.
ताईला फोन. आधी भडकली — "छपरावर काय हरीण अंथरू?" मी दूधवाल्याची आठवण करून दिली. मग म्हणाली, "मेल्या, दार उघडायला तेव्हा तू उठला असतास तर आज विकलं गेलं असतं ना रे!" हसत होती की रडत, कळेना. "ठेव तूच. पण उन्हात लावू नकोस."

१२ मार्च
व्यापाऱ्याला नकार कळवला. चार पायांच्या हरणाचे साठ हजार देत होता.