पाहुणे जाईपर्यंत

॥ श्री ॥

लोअर हट
१८ फेब्रुवारी २०२४

चि. कौमुदीस,
ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं संक्रांतीचं पत्र पोचलं. पाकिटाला तिळाचा वास होता, तीळ नव्हते. इथे बिया येऊ देत नाहीत हे तुला एकोणीस वर्षं सांगतेय, आणि एकोणीस वर्षं तू ते पाठवतेस. फोनवर मी रडते आणि तू गप्प बसतेस, त्यापेक्षा पत्र बरं. शाळेतल्या सिस्टर दर रविवारी जेवणानंतर पत्र लिहायला बसवायच्या, त्याचा काहीतरी उपयोग झाला म्हणायचा.

इथली नवी बातमी म्हणजे मी लायब्ररीच्या वाचनमंडळात जाऊ लागले आहे. म्हाताऱ्यांच्या गोल्ड कार्डावर बस फुकट आहे म्हणून ही जाते, असं हे सगळ्यांना सांगतात. आम्ही दहा बायका आणि एक निवृत्त बसड्रायव्हर. ग्रंथपाल अरोहा इथल्या मूळच्या माओरी लोकांतली आहे, माझ्या सुनेच्या, ऋचाच्या वयाची. यंदा तिने सगळी पुस्तकं काळ्या लेखकांची निवडली आहेत. गुलामीतून सुटलेल्या माणसांची आत्मकथनं, आफ्रिकेतल्या कादंबऱ्या, लंडनमध्ये वाढलेल्या मुलींच्या कविता. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, की माणसाच्या रंगाबद्दलचं पहिलं वाक्य तुम्ही तुमच्या घरात कुणाच्या तोंडून ऐकलंत. सगळ्या बोलल्या. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, आमच्यात तसं काही नसतं. ती मान डोलावून पुढच्या बाईकडे वळली. घरी येईपर्यंत माझे कान गरम होते.

सोबत एक कादंबरी पाठवते आहे. लिहिणारी कॅरिबियन बेटांवरची आहे. लायब्ररीच्या जुन्या पुस्तकांच्या विक्रीत मिळाली. पान एकशे बारा वाच. पान मी दुमडलेलं नाही, तू ओरडशील म्हणून दोरा ठेवला आहे.

नातीची, इराची मात्र काळजी वाटते. अकरा वर्षांची पोर, मासोळीसारखी पोहायची. जानेवारीपासून तलावावर जायचं नाव काढत नाही. रोज पोटात दुखतं, आणि एवढ्या उन्हाळ्यात लांब बाह्यांचे कपडे घालून बसते. तिचा बाबा श्रीनाथ ऑफिसातून येतो तेव्हा ती खोलीत गेलेली असते. ऋचाने हॉस्पिटलमधल्या मैत्रिणीला दाखवून आणलं, पोटात काही नाही.

या डिसेंबरला ये ना गं. आईला जाऊन अकरा वर्षं झाली, नोकरी संपली, आता सांगलीत तुला कोण धरून ठेवतंय? तुझ्या हातची आमटी खाऊन मला किती वर्षं झाली, याचा हिशोब तू कर.

लोभ इतकी वर्षं सांभाळलास, आता त्याला एक विमानाचं तिकीट जोड.

तुझी,
ताई

॥ श्री ॥

सांगली
२० मार्च २०२४

ती. ताईस,
सांगलीहून धाकटीचे सा. न. वि. वि.

पार्सल मिळालं. दोऱ्याबद्दल आभार. माझ्या धाकाने तू पान दुमडलं नाहीस, हे वाचून निवृत्तीनंतर पहिल्यांदाच मास्तरीण असल्यासारखं वाटलं.

ताई, ही पुस्तकं मी बावीस वर्षं शिकवली. आठवड्याला किती तास आहेत, डबा नेतेस का, हे तू दर वेळी विचारायचीस. काय शिकवतेस, हे नाही विचारलंस कधी. दर वर्षी एखादी मुलगी वर्गात हळहळायची, मॅडम, किती दुष्ट हो ती माणसं. मग मी विचारायची, की तुमच्या घरी लग्नाच्या जाहिरातीत ‘गोरी’ हा शब्द कुणी घातला. तू अरोहाला जे उत्तर दिलंस, तेच उत्तर माझ्या साठ मुली दर वर्षी द्यायच्या. तेव्हा कान गरम झाल्याचं फार मनाला लावून घेऊ नकोस. गरम झाले हे चांगलं.

पान एकशे बारा वाचलं. घरी पाहुणे येणार म्हणून त्या सावळ्या मुलीला मागच्या परसात शेंगा सोलायला बसवतात, आणि ती पाहुणे जाईपर्यंत सोलत राहते. तू मुद्दाम पाठवलंस का गं? तुला आठवतो का तो १९८० चा जूनमधला रविवार? भाऊजी तुला बघायला येणार होते. आईने माझ्या हातात डबा दिला आणि मागच्या गल्लीत विभावरी मावशीकडे पाठवलं. दिवे लागल्याशिवाय येऊ नकोस म्हणाली. माझ्याकडे न बघता म्हणाली. मी अठरा वर्षांची होते, मला कारण सांगावं लागलं नाही. दिवाळीला माझ्या परकराचं कापड फिकट राखाडी यायचं, काळ्या अंगाला पिवळं शोभत नाही असं तूच म्हणायचीस. पण तू तेव्हा लहान होतीस. आई लहान नव्हती.

मी आईला ते कधीच माफ केलं नाही. तिला सांगलीला आणलं, औषधं दिली, शेवटी चमच्याने भरवलं. पण जवळ बसून बोलले नाही. जाण्याच्या आदल्या महिन्यात तिने विचारलं, अजून रागावली आहेस का. मी नाही म्हटलं आणि खिडकी लावायला उठले. एवढंच आमचं बोलणं.

असो. इराच्या पोटात काही नाही. तिला कुणीतरी काहीतरी बोललं आहे. शाळेत शोधा, आणि घरातही शोधा.

लोभ आहेच. वाढवायचा असला तर पुढचं पुस्तक पाठव.

तुझी,
कौमुदी

॥ श्री ॥

लोअर हट
२१ एप्रिल २०२४

चि. कौमुदीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. पहिल्यांदा स्वयंपाकघरात, मग बसमध्ये, मग नदीकाठच्या बाकावर. चौथ्यांदा वाचल्यावर ठरवलं की आता लिहायचं. मध्ये थांबले तर पुन्हा धीर होणार नाही.

घरात शोधलं. ती मीच निघाले.

इराने तिच्या आईजवळ सांगितलं. नाताळच्या सुट्टीत ती तलावावरून आली तेव्हा मी तिला म्हणाले होते, पुरे आता ऊन, काळी पडशील कौमुदी आजीसारखी. मला हे बोलल्याचं आठवतही नव्हतं. ऋचाने विचारलं तेव्हा मी म्हटलं, इथलं ऊन वाईट असतं म्हणून सांगितलं, कातडी जळते. ते खरंही आहे. त्या खऱ्याच्या आडोशाला मी दोन दिवस लपून राहिले. इरा माझ्याशी बोलत नाही. आधीही ती इंग्रजीतच उत्तरं द्यायची, पण द्यायची.

आणि तो रविवार. कौमुदी, तुला आईने नाही पाठवलं. मी पाठवायला लावलं.

आदल्या रात्री मी आईला सांगितलं, की कौमुदी समोर असली तर ते लोक म्हणतील या घरातला रंग असा आहे, उद्या मुलं अशी होतील. आई म्हणाली, मला दोन मुली आहेत आणि दोघी घरात असतील. मी जेवले नाही. सकाळीही खाल्लं नाही, रडून डोळे सुजवून घेतले. सुजलेल्या डोळ्यांनी मुलगी दाखवायची कशी, म्हणून आई हरली. डबा भरताना ती मला म्हणाली, हे मी केलं असंच तिला वाटू दे. आईवरचा राग मुलं गिळतात, बहिणीवरचा गिळत नाहीत.

मी तिला तसं करू दिलं. तेहतीस वर्षं. आणि ती गेल्यावर आणखी अकरा.

परवा ह्यांना सारं सांगितलं. हे म्हणाले, त्या दिवशीचं मला एवढंच आठवतं की चहात साखर कमी होती. म्हणजे तू घरात असतीस तरी काही बिघडलं नसतं.

लोभ असावा, असं आज लिहवत नाही.

प्रमोदिनी

लोअर हट
२८ जुलै २०२४

चि. कौमुदीस, आशीर्वाद.

तीन महिने झाले, तुझं पत्र नाही. फोन उचलत नाहीस. शेजारच्या आनंदीताईंना विचारलं, तू बरी आहेस, रोज पहाटे बाहेर जातेस, एवढं कळलं. तेवढ्यावर आहे.

इथे थंडी आहे. सकाळी पत्रपेटीच्या झाकणावर पांढरं दव गोठलेलं असतं. टपाल दुपारी येतं हे ठाऊक असून मी सकाळीच एकदा उघडून बघते, आणि बोटं बधिर करून घेते.

जूनमधल्या बैठकीत मी अरोहाला सांगितलं, की पहिल्या दिवशीचं माझं उत्तर मला बदलायचं आहे. आमच्या घरातलं रंगाबद्दलचं पहिलं वाक्य माझंच होतं. तुला दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा मी चार वर्षांची होते आणि म्हणाले होते, ही काळी आहे, हिला परत देऊन या. सगळे हसले होते. पुढे कित्येक वर्षं ते पाहुण्यांना कौतुकाने सांगायचे. मंडळात कुणी हसलं नाही. बसड्रायव्हरने त्याच्या बशीतलं बिस्कीट माझ्या बशीत ठेवलं.

इराला सारं सांगितलं आहे. तिने कपाटातला तुझा फोटो मागून घेतला. इंग्रजीत विचारलं, की तू कौमुदी आजीला सॉरी म्हणालीस का. मी म्हटलं, पत्रात लिहिलं. ती म्हणाली, लिहायला काय, सोपं असतं. तलावावर ती अजून जात नाही.

तुझ्या दोन ओळी आल्या तरी पुरे. रागाच्या असल्या तरी.

ताई

सांगली
२ ऑक्टोबर २०२४

प्रमोदिनीस,

मायना लिहायला घेतला आणि ‘ताई’ लिहवेना. तेव्हा हे असंच.

तुझं एप्रिलचं पत्र मी जिन्यातच उघडलं आणि पायरीवर बसून वाचलं. आनंदीताई वर जाताना थांबल्या, बरं नाही का विचारलं. मी म्हटलं, आईचं पत्र आलंय. तोंडून तसंच गेलं.

तुझं लग्न कसं जमलं, कुणामुळे जमलं, याचं मला काही नाही. माझं झालं नाही याचंही नाही. तू माझी आई नेलीस. ती माझ्या घरात आठ वर्षं होती आणि मी तिला भरवताना भिंतीकडे बघायची. रागावलीस का, हे तिने विचारलं तेव्हाही तिने तुझं नाव घेतलं नाही. तिला फक्त एवढं हवं होतं की मी उलट काही विचारावं. मी खिडकी लावली. आता कुणाला विचारू?

मी तुला माफ केलेलं नाही. करीन की नाही, सांगता येत नाही.

पावसाळाभर मी ती जुनी पुस्तकं पुन्हा काढली. इतकी वर्षं शिकवलेली एक गोष्ट नव्याने दिसली. अमेरिकेतली गुलामी संपली तेव्हा सुटलेल्या माणसांनी काय केलं, हे मी वर्गात सांगायची. कितीतरी जण पायी निघाले. विकल्या गेलेल्या आईला, बहिणीला शोधत. वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या, की अमुक नावाची माझी आई अमुक साली अमुक गावाला विकली गेली, कुणाला ठाऊक असल्यास कळवावे. काहींनी वीस-वीस वर्षं दिल्या. मी परीक्षेला त्यावर प्रश्न काढायची.

आई त्या रात्री काय म्हणाली, ते ठाऊक असलेली तू एकटीच उरली आहेस. मला दोन मुली आहेत आणि दोघी घरात असतील. हे तिने कुठे उभं राहून म्हटलं, हातात काय होतं, आवाज चढवला का, सगळं मला तुझ्या तोंडून ऐकायचं आहे. पत्रात नको. इरा म्हणते ते बरोबर आहे.

१४ डिसेंबरला पोचते. तिकीट काढलं आहे. न्यायला ये, पण विमानतळावर रडू नकोस.

एक काम कर. आई गेल्यावर, चौपन्नाव्या वर्षी मी पोहायला शिकले. तुला कधी सांगितलं नाही, ऊन लागेल म्हणाली असतीस. रोज पहाटे जाते. इराला सांग, कौमुदी आजीला संध्याकाळच्या उन्हात पोहायचं आहे आणि सोबत हवी आहे. माझ्या मापाचा पोशाख आणून ठेवा. छातीचं माप अडतीस. रंग तू निवडायचा नाहीस. तिला निवडू दे.

लोभाचं तिथे आल्यावर बघू.

कौमुदी

॥ श्री ॥

लोअर हट
२७ ऑक्टोबर २०२४

चि. कौमुदीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र गुरुवारी मिळालं. इराला मोठ्याने वाचून दाखवलं, मराठीतच. तिला सगळं समजलं. पोहण्याचं ऐकल्यावर तिने विचारलं, आजी किती लांब पोहते. मला ठाऊक नव्हतं. तुझ्याबद्दल मला किती गोष्टी ठाऊक नाहीत, हे ती बोटांवर मोजू लागली तेव्हा मी विषय बदलला.

आई पोळपाटापाशी उभी होती. हातात पिठाचा गोळा होता. बाकीचं तू आल्यावर.

काल दुकानात गेलो. टॉग्ज म्हणतात इथे त्या पोशाखाला. मी निळ्याच्या आणि काळ्याच्या रांगेपाशी उभी राहिले, सवयीने. इरा आतपर्यंत गेली आणि हळदीसारखा पिवळाधमक घेऊन आली. एक तुझ्या मापाचा, एक तिच्या. नऊ-दहा महिन्यांनी ती माझ्याकडे सरळ बघत होती, मी काय म्हणते त्याची वाट पाहत. मी तोंड उघडलं आणि मिटलं. मग तिनेच सांगितलं, मराठीत, अडखळत, की पाण्यात कौमुदी आजी लांबून दिसेल.

दोन्ही धुऊन अंगणातल्या दोरीवर वाळत घातले आहेत. वारा सुटला आहे, चिमटे दुप्पट लावलेत. रस्त्यावरून जाणाऱ्या-येणाऱ्याला सहज दिसतात. मी ते आत घेणार नाही.

ये. बाकी काही मागत नाही.

तुझी वाट पाहणारी,
प्रमोदिनी