आठच्या गोळीचा आवाज

सूनबाई,

व्हायरसची लाल पाटी आली की खालचं बटण दाबा, हे तूच सांगितलेलं. जन्मात पहिल्यांदा तुझं ऐकलं. माझ्या लेकाने शेवटच्या आजारपणात कॉम्प्युटरात करून ठेवलेलं, रोज आठला त्याच्या आवाजात "आई, गोळी घेतलीस का?" विचारणारं, तेच पुसलं गेलं. दुरुस्तीवाला फोनवर म्हणाला, घरी बनवलेल्या गोष्टीला यंत्र कधीकधी चोर समजतं. एवढं शिकलेलं यंत्र, पण घरचं माणूस ओळखेना.

कॉम्प्युटरचा डबा घेऊन त्या दुरुस्तीवाल्याच्या दुकानात चालले आहे. तुझी चूक नाही, हे एकदाच लिहिते. आजची गोळी वाटीत तशीच आहे. आवाज नाही मिळाला, तर उद्यापासून तू विचार. अहो-जाहो न करता, त्याच्यासारखं दरडावून विचार. ऐकेन मी.