अर्ध्या दमाची बाटली

४ नोव्हेंबर, मंगळवार
इंदूरला सुखरूप पोचलो. पोह्यांवर एवढी शेव होती की पोह्यांचा शोध घ्यावा लागला. यजमान दौलतराव, निवृत्त बँकवाले, पलासियात दुसऱ्या मजल्यावर तीनशे जुन्या बाटल्या आणि सून यांच्यासह राहतात. हा क्रम सुनेनेच, विनीताने, सांगितला. माझं काम सोपं: आठवडाभर राहून मासिकासाठी या संग्रहावर लेख लिहिणं. दौलतरावांना जिना चढताना चार वेळा थांबावं लागलं. पेला उंच धरून मी वरून पाणी प्यायलो, तर विनीताला गंमत वाटली. पन्नाशी उलटली, पण परक्या भांड्याला ओठ लावलेला नाही. आणि रोज सकाळी एक अनुष्टुभ श्लोक एका दमात म्हणायचा, बत्तीस अक्षरं. पाठशाळेची खोड, सुटत नाही.

५ नोव्हेंबर
आज शिकवणी. वितळलेल्या काचेचा गोळा लोखंडी नळीच्या टोकाला घ्यायचा, फुंकायचा, लोखंडी पाटावर लोळवायचा, पुन्हा फुंकायचा. मग बुडाला दुसरी कांब चिकटवून नळी तोडायची आणि तोंड घडवायचं. कांब निघते तिथे खरखरीत वण राहतो. दौलतराव त्याला बाटलीची नाभी म्हणतात. काचेतले बुडबुडे ते भिंगातून अशा कौतुकाने दाखवतात, जसे इतर लोक नातवंडांचे फोटो दाखवतात.
एक हिरवी बाटली मात्र एका कुशीत आत बसलेली, खळगा पडलेली. कारागीर फुंकता फुंकताच गेला, म्हणून अर्धी राहिली म्हणे. तीच मला धुवायला दिली.

६ नोव्हेंबर
बाटली धुण्याची इथली रीत छान आहे: आत मूठभर तांदूळ, थोडी राख, पाणी, आणि खळखळ हलवायचं. स्मृतिकारांनी काचेचं काय सांगितलंय ते आठवेना, तेव्हा मी काशाच्या भांड्यांचा नियम लावला: राखेने घासलं, शुद्ध झालं. तळाशी दोन तांदूळ चिकटले होते. शुद्धच आहे म्हणून ओठ लावून फुंकर मारली.
आतून फुंकर परत आली. कोमट. तंबाखू आणि सडक्या हिरडीचा वास. दहा चुळा भरल्या.

७ नोव्हेंबर
तोंडात परकी थुंकी आहे. दुसरा शब्द नाही. चिकट, तंबाखूची, गिळवत नाही आणि थुंकून संपत नाही. बाटलीच्या तोंडावर लाळेची तार लोंबत होती. मी पुसली, पुन्हा आली. जेवलो नाही.
श्लोकाची चोवीसच अक्षरं झाली. मग दम संपला.

८ नोव्हेंबर
डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं स्वच्छ. वीस अक्षरं.
बाटलीची बसलेली कूस थोडी वर आलीय. हात लावला तर उबदार, ओलसर, गालाच्या आतल्या बाजूसारखी.

९ नोव्हेंबर
दौलतराव सराफ्याच्या खाऊगल्लीतून पायी जलेबी घेऊन आले. जिना एका दमात चढले. विनीता माझ्याकडे बघत नाही. सोळा.

१० नोव्हेंबर
रिक्षाने स्टेशनकडे निघालो. दोन चौकांवर श्वासच थांबला. परत फिरलो, तसा आला. खोलीत येऊन बाटली फरशीवर आपटली. फुटली नाही — दबली, मग पुन्हा फुगली. आणि ढेकर दिला. तोच वास.

११ नोव्हेंबर
दौलतरावांना विचारलं. लाजले नाहीत. गालांची सुटलेली कातडी चोळत म्हणाले, "बुरा मत मानना, भिया. मला पण कुणीतरी अशीच धुवायला दिली होती. दुसऱ्याने तोंड लावलं की आपण सुटतो. बस, इतकंच."
विनीताने फक्त एवढं विचारलं की बाटली पूर्ण झाल्यावर काय. ते जलेबी खात राहिले.

१२ नोव्हेंबर
आठ अक्षरं. गाल लोंबतायत. जिभेवर कुणाचा तरी दात आला — माझा नाही, मी मोजले.
मासिकाने फोटोंसाठी निशांतला पाठवलंय. उद्या येईल. फोनवर बोलला, आनंदी माणूस, मुलगी दोन वर्षांची. मला आधी काय वाटलं ते इथे लिहिणार नाही.
लिहितो. बरं वाटलं.

१३ नोव्हेंबर
कूस जवळजवळ भरली. बोटाएवढा खळगा उरलाय. तीन अक्षरं.
निशांत आलाय. दौलतरावांनी त्याला तांदूळ दिले, राख दिली. मी गप्प — नुसता गप्प राहिलो तरी सुटेन —
खळखळ ऐकू येतेय —
आवाज निघत नाही. हे पान फाडून त्याच्या हातात देतो. निशांत, वाच. तांदूळ आत राहिले तरी राहू दे, फुंकू नकोस, बाटलीला तोंड ला