जरासं चाटवून बघू

आई,

पिल्लूला अ‍ॅलर्जीच्या टेस्टला घेऊन जातेय. तुम्हाला उठवलं नाही. तुम्ही तिला कुशीत घेतलं असतं, तर माझाच पाय निघाला नसता.

एवढ्याशा पोरीला टोचायचं, हे माझ्याही जिवावर येतं. पण ते सुई खुपसत नाहीत, हातावर नुसतं ओरखडल्यासारखं करतात. मग डोळ्यांसमोर बसवून ठेवतात, काही झालंच तर औषध हाताशी असतं. तिचे ओठ कशाने सुजले, ते एकदा कळू दे.

काल तुम्ही म्हणालात, "शेंगदाणा कुटून जरासा चाटवून बघू." आई, तीही टेस्टच झाली, फक्त डॉक्टरांशिवाय.

चहा थर्मासमध्ये आहे. शेंगदाण्यांची बरणी शोधू नका, मी बरोबर नेतेय. डॉक्टरांनी मागितलेली नाही.

तुमची सून