नाक नसलेली गाडी

बाबा, तुमच्या लाडक्या अमेरिकन गाडीचं इंजिन शेवटी त्यांनी मागे नेलं. लांबलचक बॉनेट गेलं, ड्रायव्हर पुढे सरकला आणि सीटच्या पाठीमागे, काचेखाली इंजिन बसलं. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी बातमी वाचल्यावर आधी तुमचा चढलेला आवाज कानात आला.

चिंचवडच्या स्वयंपाकघरात हा वाद आपण किती वेळा घातला असेल! रद्दीतून आणलेल्या मासिकातलं तिचं चित्र तुम्ही फडताळाच्या दारावर आतून चिकटवलं होतं. आई पोळ्यांना बसली की तुम्ही तिचा पोळपाट ओढायचात, लाटण्यावर आडवा ठेवायचात आणि कणकेची वाटी त्यावर पुढे-मागे सरकवायचात. वाटी म्हणजे इंजिन. मी ती मधोमध आणून म्हणायचो, "बघा, तोल साधला." तुम्ही म्हणायचात, "तोल साधतो रे, पण रूप जातं. गाडीला नाक हवं." आई दोघांवर करवादायची, "तवा तापलाय, माझा पोळपाट द्या आधी." स्कूटरपलीकडे आपल्याकडे काही नव्हतं, पण मतं मात्र भरपूर.

इथे परदेशात, क्वेकर्स हिलमध्ये, लॉकडाऊनमुळे आम्ही सगळे घरात कोंडलेलो. मित्रांच्या ग्रुपवर दिवसभर त्याच गाडीची चर्चा. "Mate, बॅज काढला तर इटालियनच वाटते." "मागचे दिवे बघ, किती गर्दी केलीय." "मॅन्युअल गिअर नाही? मग कसली मजा!" "अरे, आता फॅक्टरीतूनच राइट-हँड ड्राइव्ह येते, अजून काय पाहिजे?" विकत घ्यायची ऐपत एकाचीही नाही, पण नावं ठेवायला काय जातं.

आणि एका arvo ला, म्हणजे दुपारी, ती आमच्याच रस्त्यावर उतरली. दोन घरं पलीकडच्या म्हाताऱ्याने घेतली होती. मी मास्क लावून फिरायला निघालो होतो, पाय तिथेच थांबले. "No worries, have a look," तो गॅरेजच्या दारातून म्हणाला. मी ताईला व्हिडिओ कॉल लावला. आईचं हल्ली विसरणं फार वाढलंय. ताईने फोन तिच्यापुढे धरला. मी गाडी दाखवली, मग कॅमेरा स्वतःकडे वळवला. मास्कच्या वर उरलं होतं ते तुमचं कपाळ आणि तुमचेच डोळे.

आई बघत राहिली. मग म्हणाली, "अहो, वाटी मागे का सरकवली त्यांनी?"

अहो. मला जन्मभर ती 'अरे' म्हणत आली. मी मास्क खाली ओढला नाही. तुमच्यासारखा घसा साफ केला आणि म्हणालो, "चुकलंच त्यांचं. गाडीला नाक हवं." आईचा चेहरा असा उजळला, बाबा, की मला रडू आवरेना. "जेवायला वेळेवर या," ती म्हणाली. सीमा बंद होत्या, विमानं बंद होती. मी "येतो" म्हणालो. त्यानंतर महिनोन् महिने फोन केला की मी मास्क लावूनच बसायचो. घरात एकटा असलो तरी.

आता सीमा उघडल्यात. उद्या निघतोय. हे पत्र बॅगेत घेत नाही. आईच्या हाती लागलं तर म्हणेल, ह्यांना पत्र कशाला, ते तर रोज फोनवर बोलतात.

एक मात्र तुम्हाला सांगून टाकतो. ती गाडी मला आवडली, बाबा. वाटी जिथे हवी तिथेच ठेवलीय त्यांनी. हे मला आईसमोर बसून, मास्क काढून, माझ्या तोंडाने सांगायचंय. तिने "अरे, तुला काय कळतं त्यातलं" म्हणून मला झिडकारावं, एवढ्यासाठी चाललोय.