चांदीची वाटी

शिरूर, मंगळवार संध्याकाळ

बाळाच्या रक्तात जंतू सापडला. डॉक्टर म्हणाले, "असा क्वचितच दिसतो. बेसिनच्या ओलीत वाढतो आणि दिवस न भरलेल्या बाळांना गाठतो."

माझा संशय सासूबाईंवर. आल्या आल्या बाळाला ठेवलेल्या काचेच्या पेटीत हात घालतात. हात धुतले का विचारलं, तर "व्हय की, कवाच!" मला नाही पटत. आणि ती नर्स तरी हातमोजे दर वेळी बदलते का?

वाटी तर माझ्याच हातात असते. माहेरून आलेली, चांदीची. तिच्यातच बाळासाठी दूध काढते. नर्सनं ती रोज उकळायला सांगितलीय.

आज नर्सनं सासूबाईंसमोरच विचारलं, "ताई, वाटी उकळून घेता ना?"

"व्हय की, रोज!" मी म्हणाले, अगदी सासूबाईंच्याच ठसक्यात.

काळी पडेल म्हणून पहिल्या दिवसापासून मी ती बेसिनच्या नळाखाली नुसती विसळतेय.